मला नीट मोडा

मित्रांनो, माझ्या उजव्या बिजागरीला रबर गुंडाळलेलं आहे. स्पेसचं बटण एका कोपऱ्यातून उचकटलंय आणि माझी फुगलेली बॅटरी आज सकाळीच काढून वाळूच्या बादलीत ठेवली आहे. एवढ्यावरून माझ्या वयाचा अंदाज तुम्हांला येईल. मी लॅपटॉप आहे. लातूरला औसा रोडवर एका झेरॉक्सच्या दुकानावर खोली आहे, तिथल्या टेबलावर मी पालथा पडलो आहे. माझ्या तळाच्या झाकणाचे आठही स्क्रू एका बशीत आहेत आणि बशीशेजारी भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल आहे. ते भिंतीसाठी आणलेलं नाही.

भीती वाटते का, असं विचाराल तर वाटते. पण ड्रिलची नाही. मला धास्ती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. ऐनवेळी या माणसांचं मन विरघळेल आणि ती मला जपून ठेवतील. माझ्यासारख्या जुन्या वस्तूनं असं बोलावं हे तुम्हांला चमत्कारिक वाटेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आमच्यात कोणालाच ठाऊक नसतं. माझ्या आठवणी सुरू होतात त्या लातूरच्या एका क्लासमध्ये. डॉक्टर-इंजिनीअर व्हायला निघालेली शेकडो मुलं तिथं बाकांवर खेटून बसायची आणि मी भिंतीवर त्यांना बेडकाचं हृदय दाखवायचो. सर मला 'माझा उजवा हात' म्हणायचे. चार वर्षं मी उजवा हात होतो. मग नवी, चपटी यंत्रं आली आणि उजव्या हाताची रवानगी कपाटात झाली, हजेरीपटांच्या गठ्ठ्याखाली.

तिथून मला काढलं लुंबिनीनं. ती क्लासच्या कॉम्प्युटर खोलीचं काम बघायची. किल्लारीची मुलगी, नांदेडला इंजिनीअरिंग केलेली. बोलायला कमी आणि कामाला वाघ. नोकरी सोडताना सरांनी शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं, तर ही म्हणाली, "सर, शाल राहू द्या. कपाटातला तो जुना लॅपटॉप द्या."

सर हसले. "अगं, तो धड चालत नाही."

"मला धावणारा नकोच आहे," ती म्हणाली.

आणि पहिल्याच दिवशी तिनं माझं झाकण उघडून आतली वायफायची पट्टी उपटून काढली. इंटरनेटची तार लावायचं भोक चिकटपट्टीनं बंद केलं. मला राग आला. इतक्या वर्षांनी उजेडात आलो, तर हिनं माझं जगाशी बोलणंच तोडलं. खोलीत तिचा भागीदार अमरेश बसला होता. तो निलंग्याचा, तिच्याहून वर्षभरानं लहान, म्हणून तिकडच्या रीतीनं तिला अक्का म्हणायचा. त्यालाही ते पटलं नव्हतं.

"अक्का, हे काय करायलीस? बिनइंटरनेटचा लॅपटॉप म्हंजे बिनचाकाची जीप."

"जिथं किल्ली घडवायची, तिथं दार नको," लुंबिनी म्हणाली.

तेव्हा मला कळलं की आपल्याला कोपऱ्यात टाकलेलं नाही, राखणीला बसवलेलं आहे. माझा राग पळाला तो पळालाच.

आता ही किल्ली म्हणजे काय, ते सांगतो. तुम्ही दाबलं की लागणारं कुलूप पाहिलं आहे ना? ते लावायला किल्ली लागत नाही, कोणीही दाबावं आणि लागावं. उघडायला मात्र किल्ली हवीच. समजा, नांदेडच्या एका बाईंनी अशी हजार उघडी कुलपं गावोगाव वाटली आणि त्यांची एकुलती एक किल्ली स्वतःजवळ ठेवली. मग कुठल्याही गावातली बाई आपली चिठ्ठी डब्यात घालील, वर कुलूप दाबील आणि डबा कोणाच्याही हाती पाठवून देईल. वाटेत शंभर जणांनी तो हाताळला तरी बिघडत नाही. एकदा दाबल्यावर जिनं चिठ्ठी लिहिली तिलाही तो उघडत नाही. कॉम्प्युटरमध्ये असं कुलूप आणि अशी किल्ली मोठमोठ्या आकड्यांची बनते. वाटायच्या कुलपाला पब्लिक की म्हणतात आणि जपायच्या किल्लीला प्रायव्हेट की.

लुंबिनी आणि अमरेश यांना असं एकच कुलूप बनवायचं नव्हतं. त्यांना कुलपं बनवायची अवजारं बनवायची होती. सुताराच्या पेटीत जशी करवत, रंधा, पटाशी हाताशी असतात, तशी प्रोग्रॅमची पेटी. एक अवजार किल्ली घडवणारं, एक कुलूप लावणारं, एक उघडणारं, एक सही खरी की खोटी ते सांगणारं. अवघड गणित पेटीच्या आत राहणार आणि ज्याला अ‍ॅप बनवायचं त्यानं फक्त अवजार उचलायचं. पेटीचं नाव त्यांनी ठेवलं 'कवाड'. दोन वर्षं खपून ती तयार केली. लिहायचं, माझ्यावर चालवून बघायचं, चुकलं की खोडायचं. माझ्या पंख्याची घरघर आणि त्या दोघांचे वाद याशिवाय त्या खोलीत दुसरा आवाज नसायचा.

या कामाची निकड ज्योत्स्नाताईंमुळे होती. नांदेडला त्या बायकांसाठी सल्ला केंद्र चालवतात. घरात ज्याविषयी ब्र काढता येत नाही, ते बायका त्यांना कळवतात. पूर्वी साध्या मेसेजवर कळवायच्या. एका बाईचा मेसेज तिच्या दिरानं वाचला आणि त्यानंतर ती बाई पुन्हा कधीच केंद्राकडे आली नाही. तिचं काय झालं हे ज्योत्स्नाताईंनी सांगितलं नाही. लुंबिनीनंही विचारलं नाही. त्या दिवशी तिनं जेवणाचा डबाही उघडला नाही, एवढं मला आठवतं.

आता चुकीकडे येतो. हे सांगताना मला आजही धड बोलता येत नाही.

किल्ली घडवायला एक असा आकडा लागतो की जो जगात कोणालाच ओळखता येऊ नये. पण पेटी नीट चालते का हे तपासताना उलटं करतात. दर वेळी तोच ठरलेला आकडा घालतात, म्हणजे दर वेळी तीच किल्ली यायला हवी. नाही आली तर कुठंतरी चुकलं. ही रीत बरोबर आहे. लुंबिनीलाही तपासणीपुरता एक आकडा हवा होता. दुसऱ्या कोणी एक-दोन-तीन-चार लिहिलं असतं. तिच्या बोटांनी लिहिलं, ३०, ०९, १९९३, ०३, ५६.

किल्लारीच्या मुलाला पाढा चुकेल, पण हा आकडा चुकणार नाही. तीस सप्टेंबर, पहाटे तीन छप्पन्न, भूकंपाची वेळ. लुंबिनीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण तिचे बाबा भीमाकाका तेव्हा पंधरा वर्षांचे होते आणि त्यांची धाकटी बहीण पारू आठ वर्षांची. भीमाकाकांना ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. पारू वाचली नाही. लुंबिनी त्या आकड्याबरोबरच मोठी झाली. त्यामुळे आपण काही खास आकडा लिहिला, हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

गेल्या वर्षी एकोणतीस सप्टेंबरला दुपारी पेटी तयार झाली. फक्त तो तपासणीचा आकडा काढायचा राहिला होता. भीमाकाका किल्लारी ते लातूर काळी-पिवळी जीप चालवतात. ते खाली येऊन हॉर्न वाजवत होते. दुसऱ्या दिवशी गावात मेलेल्या माणसांच्या आठवणीला सगळे जमतात, त्यासाठी लेकीला न्यायला आले होते. लुंबिनीनं त्या ओळीशेजारी लिहिलं, 'फक्त तपासणीसाठी. परवा काढणे.' आणि पिशवी उचलून जिना उतरली.

तीस तारखेला ज्योत्स्नाताईंच्या केंद्राचा फोन आला की कधी देता. अमरेशला लुंबिनीचं 'पेटी तयार झाली' हे वाक्य आठवत होतं. त्यानं पेटी बांधून दिली, आणि लुंबिनी परतली तेव्हा 'गेली एकदाची' या आनंदात ती ओळ तिच्या ध्यानातून निघून गेली. अमरेशची लबाडी नव्हती आणि लुंबिनीचा आळसही नव्हता. तरी चूक झाली, आणि ती कोणालाच दिसली नाही.

कोणालाच म्हणजे माणसांपैकी कोणाला. मला दिसली होती.

नांदेडच्या केंद्राची किल्ली मी घडवली. ती पेन ड्राइव्हवर घालून ज्योत्स्नाताईंकडे गेली. दिवाळीनंतर रेणापूरला दुसरं केंद्र निघालं, त्याचीही किल्ली माझ्यावरच घडली. घडताना एकेक आकडा माझ्यातून जात होता आणि माझ्या लक्षात आलं, अरे, ही तर तीच किल्ली. जशीच्या तशी. गावं दोन, केंद्रं दोन आणि किल्ली एकच. यंत्राला घाम फुटत नाही, मित्रांनो. आम्हांला ओरडताही येत नाही. माझ्याजवळ होता फक्त एक पंखा. मी तो होता नव्हता तेवढा जोर लावून फिरवला.

लुंबिनीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "अमरेश, याच्यात धूळ अडकली वाटतं," ती म्हणाली, आणि तिनं माझ्या जाळीवर फुंकर मारली.

त्यानंतरचे अडीच महिने आमच्या कौतुकाचे होते. रोज चिठ्ठ्या येत होत्या. नांदेडच्या एका कॉलेजात लुंबिनीला बोलायला बोलावलं. एका वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. तो भीमाकाकांनी कापून जीपच्या काचेला आतून चिकटवला. कवाड सगळ्यांसाठी खुलं करायचं, म्हणजे त्यातली ओळ न् ओळ इंटरनेटवर मांडायची, असंही ठरलं. संक्रांतीनंतरचा सोमवार, सकाळी अकरा. ज्याला अ‍ॅप बनवायचंय त्यानं घ्यावं. सगळे खुशीत होते आणि मी कोपऱ्यात बसून दिवस मोजत होतो. सोमवारी ती ओळ सगळ्या जगाला वाचता येणार होती.

त्याआधीच्या शनिवारी दुपारी फोन वाजला. लुंबिनी जेवत होती म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला. रेणापूरचं केंद्र सांभाळणाऱ्या साखराबाई बोलत होत्या.

"लुंबिनीताई, तुमचं कवाड लई भारी हाय बगा. मुद्दाम सांगायला फोन केला."

"काय झालं मावशी?"

"अवो, नांदेडच्या पोरीनं चुकून तिकडची बंद चिठ्ठी मला धाडली. मला वाटलं, तिकडची हाय, हितं काय उगडायची न्हाई. पर दाबलं तर उगडली की. असं पायजे. अडीनडीला येकमेकीच्या कामाला पडतंय."

अमरेश खुशीत हसला. मग त्यानं लुंबिनीकडे पाहिलं. तिच्या हातातला घास तसाच होता.

"मावशी, उघडली म्हणजे? वाचता आली?"

"हाव. दोनच वळी वाचल्या अन् मिटवली. दुसऱ्याचं कशाला वाचावं. इस्लापूरची हाय बाई. सोमवारी सकाळच्या गाडीनं लेकीला घिऊन घर सोडते म्हणती. लेक आठ वर्साची हाय. कुणाला कळू द्यू नका म्हणून हात जोडलेत बिचारीनं."

फोन ठेवल्यावर अमरेश म्हणाला, "अक्का, ती तर चांगलंच बोलायली ना?"

"अमरेश, ती चिठ्ठी तिथं उघडायलाच नको होती," लुंबिनी म्हणाली. आणि ती उठून माझ्यासमोर आली.

शोधायला तिला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ओळ होती तिथंच होती. शेजारी तिचीच अक्षरं होती, 'परवा काढणे.' तिनं दोन्ही हात माझ्या बटणांवर ठेवले, पण एकही दाबलं नाही. मी अडीच महिने ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो आला होता आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

"सोमवारचं खुलं करणं रद्द कर," ती म्हणाली. "पेटी अजून कोणाकडे गेली नाही ना? फक्त नांदेड आणि रेणापूर?"

अमरेशनं रद्द करायला उचललेला फोन खाली ठेवला.

"अमरेश?"

"पंधरा दिवसांमागं कॉलेजातल्या तीन पोरांना दिली, अक्का. वापरून बगा म्हणून. दोघं नांदेडचे हायेत, एक किनवटकडचा."

इस्लापूर किनवट तालुक्यात आहे, हे खोलीतल्या दोघांनाही सांगावं लागलं नाही. बंद चिठ्ठ्या वाटेत इंटरनेटवरच्या एका भाड्याच्या कॉम्प्युटरवर मुक्काम करायच्या आणि पेटी ज्याच्या हाती आहे त्याला तो पत्ता माहीत असायचा. आमचं सगळं गणितच तसं होतं. डबा कोणीही पाहावा, कुलूप पक्कं आहे. आता कुलपाची किल्ली त्या तीन मुलांच्या हाताशी होती. शोधली तर. शोधली होती का, ते कोणालाच माहीत नव्हतं. असे एकशे बारा डबे होते. एकशे बारा बायकांनी हात जोडून काही ना काही लिहिलं होतं.

लुंबिनीनं पाण्याचा घोट घेतला आणि ज्योत्स्नाताईंना फोन लावला. सारवासारव केली नाही.

"ताई, माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. नांदेडची आणि रेणापूरची कुलपं एकाच किल्लीनं उघडतात. आणि ती किल्ली आणखी तिघांना बनवता येईल, त्यांनी मनावर घेतलं तर."

मग ज्योत्स्नाताईंनी विचारलं, "मला आधी फोन केलास, का आधी दुरुस्त करत बसली होतीस?"

"आधी फोन केला."

"मग पुढचं सांग. आमी काय करायचं?"

दोघींनी मिळून काम वाटून घेतलं. भाड्याच्या कॉम्प्युटरवरचा मुक्काम त्याच दुपारी बंद झाला. चिठ्ठ्या ज्योत्स्नाताईंनी उतरवून घेतल्या आणि तिथून पुसल्या. पण इस्लापूरच्या बाईला सावध कसं करायचं? तिचा फोन सासूच्या हाती असायचा. फोन करणं म्हणजे जे लपवायचं तेच ओरडून सांगणं.

"मी उद्याच इस्लापूरला जाते," ज्योत्स्नाताई म्हणाल्या. "कोणी इचारलं तर सहस्रकुंडचा धबधबा बघायला आले म्हणीन. सोमवारी सकाळी गाडीच्या थांब्यावर उभी राहते. ती आली तर आली."

"आणि दुसरं कोणी आलं तर?"

"तर मी तिथं असेन ना," त्या म्हणाल्या.

रविवारी नवी किल्ली घडवायची होती, दोन केंद्रांच्या दोन वेगळ्या. लुंबिनीनं ती ओळ काढली. पण तिचा आता स्वतःवरचा भरवसाच उडाला होता. यंत्र जो आकडा आपणहून निवडतं त्यात तिला माणसाच्या हाताचंही काहीतरी मिसळायचं होतं. भीमाकाका जेवणाचा डबा घेऊन आले होते. लेकीचा चेहरा बघून ते परत गेलेच नाहीत, खुर्ची ओढून बसले. तिनं त्यांना माझ्यासमोर बसवलं.

"बाबा, मनात येईल ते बटण दाबा. मी थांब म्हणेपर्यंत."

"मला कॉम्प्युटर येत न्हाई."

"यायला नकोय. नुसतं दाबा."

भीमाकाकांचं बोट माझ्यावर आलं. गिअरचा दांडा धरून राठ झालेलं बोट. त्यांनी दाबलं तीन. मग शून्य. मग शून्य, नऊ. एक, नऊ, नऊ, तीन. लुंबिनी मागं उभी होती. तिनं तोंडावर हात घेतला.

"बाबा, हे नको."

"दुसरं काय ध्यानात येत न्हाई गं," ते म्हणाले. चुकल्यासारखे.

लुंबिनी खाली बसली, त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर. थोड्या वेळानं म्हणाली, "बरं, दाबा तेच. मी आकडा घेतच नाही. एक आकडा दाबल्यावर दुसरा दाबेपर्यंत तुम्ही किती थांबलात, तेवढंच घेते. ते कोणाला ओळखता यायचं नाही. उद्या तुम्ही परत तेच दाबलं तरी तेवढंच थांबाल असं नाही."

मग भीमाकाका दाबत राहिले. पुन्हा पुन्हा तोच आकडा. शून्य आणि तीन दाबून झाल्यावर प्रत्येक वेळी त्यांचं बोट पाचावर येऊन थांबायचं. कधी पळभर, कधी इतका वेळ की मला वाटे आता ते उठणार. त्या थांबण्यात काय होतं ते माझ्या मोजणीत मावलं नाही. मी फक्त वेळ मोजली, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. त्यातून दोन किल्ल्या घडल्या. एकीसारखी दुसरी नव्हती. मी दोनदा ताडून पाहिलं. माझा पंखा आपोआप मंद झाला.

त्याच दिवशी जीप आधी रेणापूरला गेली आणि मग नांदेडला. एकशे बारा चिठ्ठ्या नव्या कुलपात गेल्या.

सोमवार उजाडला. अमरेशनं त्या तीन मुलांना सगळं खरं सांगून पेटी पुसायला लावली होती. किनवटकडचा मुलगा म्हणाला होता, "सर, परीक्षा चालूय, मी अजून उघडलीच न्हाई." खरंच असेल. पण खरं असेल म्हणणं आणि माहीत असणं यांत फार अंतर असतं. त्या अंतरात लुंबिनी साडेसातपासून बसून होती. साडेआठची गाडी गेली असेल. नऊ वाजले. सव्वानऊ.

नऊ चाळीसला फोन आला. मागं इंजिनाचा आवाज होता.

"दोघी माझ्याजवळ बसल्यात," ज्योत्स्नाताई हळू आवाजात म्हणाल्या. "मागं कोणी आलं नाही. लेक खिडकीशी बसलीय. भूक लागली म्हणते."

लुंबिनीनं फोन टेबलावर ठेवला आणि डोकं माझ्या झाकणावर टेकवलं. माझं झाकण ओलं झालं. अमरेश जिना उतरून खाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

कवाड पुढं खुलं झालं, महिन्याभरानं. त्याच्या पहिल्याच पानावर लुंबिनीनं आपली चूक तारखेसह लिहिली आहे, म्हणजे पेटी उचलणाऱ्यानं आधी ती वाचावी. नवीन किल्ल्या घडवायला आता दुसरं यंत्र आलं आहे. तेही बिनइंटरनेटचं.

आणि मी? माझ्यात जुनी किल्ली आहे, नव्याही आहेत. चिठ्ठ्यांच्या जुन्या डब्यांच्या नकला कोणाकडे असतील की नसतील, ते आम्हांला कधीच कळणार नाही. असल्याच, तर त्या उघडणारी किल्ली माझ्या पोटात आहे. लुंबिनीनं ती पुसली. पण पुसलं म्हणजे गेलं असं नसतं, मित्रांनो. फळा पुसल्यावर तिरपं बघितलं की खडू दिसतो ना, तसं आमच्या डिस्कवर राहतं, तिला भोक पाडेपर्यंत.

आज सकाळी ड्रिल आणलं तर भीमाकाका आडवे आले. किल्लारीच्या त्यांच्या घरी पारूचा तांब्या आहे, चेपलेला, ढिगाऱ्यातून काढलेला. त्या माणसानं ढिगाऱ्यातून निघालेलं आजवर काहीही टाकलेलं नाही.

"काम केलेलं यंत्र हाय," ते म्हणाले. "माझा हात लागलाय त्याला. राहू दे की कपाटात. कुणाला देऊ नगंस."

"बाबा, याच्या पोटात त्या एकशे बारा बायका आहेत," लुंबिनी म्हणाली. "कपाट कोणीही उघडतं."

भीमाकाका ड्रिलसमोरून हलले नाहीत. अमरेश बशीतले स्क्रू मोजत बसला. मी इथं, बशीतल्या स्क्रूंशेजारी, जीव मुठीत धरून पडलो होतो, आणि ते मला वाचवतील याचीच मला भीती होती. माझ्या जातीच्या वस्तू अशा वेळी तुम्हांला सांगतात की आम्हांला अडगळीत टाकू नका, आमची निगा राखा. मीही कपाटात चांगली दोन वर्षं काढली आहेत, मला ते दुःख ठाऊक आहे. तरी मी तसं म्हणणार नाही.

तुमच्या घरी जुना फोन असेल, जुना कॉम्प्युटर असेल. त्यात कोणीतरी विश्वासानं सांगितलेलं काहीतरी असेल. तो भंगारात अखंड देऊ नका आणि आठवण म्हणूनही ठेवून घेऊ नका. जपायचं असतं ते माणसाचं सांगणं. आणि 'परवा काढणे' असं जे लिहून ठेवाल, ते उठण्याआधी काढा. खाली हॉर्न वाजत असला तरी.

मघाशी भीमाकाकांनी लेकीला विचारलं, "त्या बाईची पोरगी किती वर्साची म्हणालीस?"

"आठ."

त्यांनी ड्रिल उचललं आहे. अमरेश तार लावतो आहे. लुंबिनीनं मला दोन्ही हातांनी घट्ट धरलंय, म्हणजे मी हलू नये. काकांनी टोक टेकवलंय ते भलतीकडेच.

डिस्क तिथं नाही, काका. डावीकडे. अजून थोडं डावीकडे.